पाठ नसलेली माणसं

कुठल्याही पुतळ्याच्या मी आधी मागे जाते. खोड जुनी आहे. तिच्यापायी बरोबरची माणसं समोरून फोटो काढून पुढे निघून गेलेली असतात आणि मी मागच्या बाजूला कोटाच्या चुण्या बघत उभी असते.

२०१४च्या ऑक्टोबरात ऑफिसच्या कामानं तीन आठवडे अ‍ॅमस्टरडॅमला होते. एका रविवारी सकाळी ट्राममधून रेम्ब्रांटप्लेन नावाच्या चौकात उतरले. आकाश घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं होतं. पाऊस पडून गेलाय की पडायचाय, काही कळत नव्हतं. चौकात उंच चौथऱ्यावर डच चित्रकार रेम्ब्रांट उभा होता आणि त्याच्या पुढ्यात, थेट फरशीवर, आपल्याच उंचीची बावीस ब्राँझची माणसं. भाले, बंदुका, पिसांच्या टोप्या, ताटाएवढ्या कॉलरी. चौथरा नाही, साखळी नाही, ‘हात लावू नये’ची पाटी नाही. एका आजोबांनी कप्तानाच्या पुढे केलेल्या हातात आपली छत्री अडकवली होती आणि ते निवांत बुटाची नाडी बांधत होते.

मंडळी ओळखीची होती. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चं एक छापील, कडा कुरतडलेलं चित्र होतं. त्यातलीच ही पलटण. रेम्ब्रांटच्या जन्माला चारशे वर्षं झाली, त्या निमित्तानं मिखाईल द्रोनोव आणि अलेक्सांद्र तारातिनोव या दोन रशियन शिल्पकारांनी केलेली ही माणसं २००६ साली पहिल्यांदा या चौकात आली. तीन वर्षांनी हलली, बाहेरगावी फिरली आणि २०१२ला परत आली.

मी सवयीनं मागे गेले आणि कप्तानाच्या पाठीशी येऊन थबकलेच. चित्रातल्या कप्तान फ्रान्स बानिंग कॉकला पाठ नाही. १६४२ सालापासून तो हात पुढे करून आपल्या दिशेनं चालत येतोय. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी त्याला पाहिलं, पण समोरूनच. प्रत्यक्षात त्याला पाठ असणार, रेम्ब्रांटनं ती पाहिलीही असणार, पण काढली नाही. काढायचं कारणच नव्हतं. आणि इथे ती होती. रुंद, घडीव, खांद्यांवर दंव धरलेली. कुणीतरी ती बनवली होती म्हणजे कुणीतरी ती ठरवली होती.

ही खोड लागली कुठून, ते सांगायला हवं. माझं आजोळ पेणचं, आणि मामाचा गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, फळ्यांची मांडणी आणि शाडूचा वास. साच्याचे दोन भाग, एक पुढचा आणि एक मागचा. आत मातीचा थर दाबायचा, दोन्ही भाग जोडायचे, मूर्ती पोकळ राहते. साचा सुटला की जोडाची रेघ कानामागून, दंडावरून खाली आलेली दिसते, ती ओल्या फडक्यानं आणि कोरणीनं मोडायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा भाचरांना हे रेघ मोडायचं काम मिळायचं. सोंड, डोळ्यांची आखणी हे मोठ्यांचं. पाठ आमच्याकडे.

आजी म्हणायची, गणपतीचं मागून दर्शन घेऊ नये, त्याच्या पाठीत दारिद्र्य असतं. कारखान्यात हे पाळायचं कसं? तीनशे गणपती फळ्यांवर, निम्मे भिंतीकडे तोंड करून वाळत ठेवलेले. मामाला विचारलं तर म्हणाला, “म्हणूनच तर आपण असे राहिलो.” पण पाठ नीट झाली नाही तर तोच मामा मूर्ती परत करायला लावायचा. आम्ही कुरकुरायचो की मखरात बसल्यावर बघतंय कोण? “विसर्जनाला नेताना मागून चालणाऱ्याला काय दिसतं गं? पाठच ना?”

तर त्या चौकात मी मामाच्या नजरेनं पाहत होते.

दुपारी राइक्सम्युझियममध्ये जाऊन मूळ चित्र पाहिलं. हे चित्र आहे ३६३ सेंटिमीटर उंच आणि ४३७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये मावायचं नाही. नगररक्षक दलाची एक तुकडी. दल कसलं, तर शहरातले सुखवस्तू लोक हौसेनं आणि मानानं बंदुका घेऊन मिरवायचे. त्यांच्या सभागृहात लावायला हे सामूहिक चित्र हवं होतं. अशी चित्रं तेव्हा पुष्कळ निघत. सगळे ओळीत, प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ, आपल्याकडे लग्नात वऱ्हाडाचा काढतात तसला ग्रुप फोटो. रेम्ब्रांटनं ओळच मोडली. तुकडी निघायच्या घाईत आहे. कुणी बंदूक भरतोय, कुणी उडवतोय, कुणी उडवून झाल्यावर फुंकर मारतोय, कुत्रं ढोलावर भुंकतंय आणि या सगळ्या गलक्यातून कप्तान लेफ्टनंटला काहीतरी सांगत पुढे येतोय.

पैसे मात्र सगळ्यांनी भरले होते. माणशी सरासरी शंभर गिल्डर, म्हणजे तेव्हाची डच नाणी. जागा चांगली तर जास्त, मागची तर कमी. ज्यांची चित्रं काढली त्यांची अठरा नावं मागाहून एका ढालीवर रंगवली गेली. पैसे भरून कुणाला मिळालं अर्धं कपाळ, कुणाच्या तोंडापुढे दुसऱ्याचा हात. अगदी मागे, दोन माणसांच्या फटीतून, एक टोपी आणि एक डोळा दिसतो. तो डोळा खुद्द रेम्ब्रांटचा, असं मानतात.

आता हे चित्र ब्राँझमध्ये करायचं म्हणजे काय करायचं?

एक तर गर्दी कमी करावी लागते. मूळ चित्रात चौतीस माणसं होती, चौकात आली बावीस. राहिलेले बारा हे बहुतेक मागच्या अंधारातले. नुसती नाकं, टोप्या, भाल्यांची टोकं. चित्रात अर्ध्या चेहऱ्यावर भागतं. ब्राँझमध्ये अर्धा चेहरा हवेत लटकवता येत नाही. एकदा नाक घेतलं की त्याच्यामागे डोकं, मान, खांदे, कंबर आणि थेट बुटापर्यंत सगळं आलं. मला याची मोठी गंमत वाटली. १६४२ साली कमी पैसे भरले म्हणून जो कोपऱ्यात दडपला गेला, त्याला ब्राँझमध्ये यायचं तर कप्तानाइतकंच पूर्ण अंग मिळणार. धातूला वर्गणी माहीत नाही. आणि तो एक डोळा? डोळ्याचा पुतळा करता येत नाही. आख्खा माणूस करायचा म्हटला तर मग तो लपला कुठे?

दुसरी अडचण खोलीची. लेफ्टनंटच्या हातात भाल्यासारखं एक शस्त्र आहे. चित्रात ते सरळ आपल्याकडे रोखलेलं, त्यामुळे आखूड दिसतं. रेम्ब्रांटनं चार बोटांच्या जागेत लांबलचक दांड्याचा भास उभा केलाय आणि ते पातं कॅनव्हासमधून बाहेर आल्यासारखं वाटतं. सांगायचीच झाली तर चित्रकाराची सगळी हुशारी या लबाडीत असते. पुतळ्यात लबाडी चालत नाही. दांडा जेवढा लांब तेवढा ओतावा लागतो आणि मग तो खरोखरच पुढे येऊन एखाद्याच्या पोटात शिरेल अशा बेतानं उभा राहतो. जे चित्रात नवल असतं ते पुतळ्यात नुसतं माप होतं.

पण या दोन्ही गोष्टी निभावून नेता येतात. निभत नाही तो उजेड.

‘नाइट वॉच’ हे नाव रेम्ब्रांटनं दिलेलं नाही. अठराव्या शतकात, वॉर्निश काळवंडून आणि धूळ-धूर बसून चित्र इतकं गडद झालं होतं की लोकांना ती रात्र वाटली. प्रसंग दिवसाचा आहे. कुठल्याशा काळोख्या कमानीतून माणसं उन्हात येतायत आणि ते ऊन रेम्ब्रांटनं आपल्या मर्जीनं वाटलंय. सगळ्यात जास्त मिळालंय लेफ्टनंट विलेम व्हान राउटेनबुर्खच्या पिवळ्या कोटाला आणि मधल्या एका चिमुरडीला. ही सोनेरी पोरगी या बंदुकवाल्यांत काय करते? तिच्या कमरेला मेलेली कोंबडी उलटी टांगलीय, नख्या वर. नख्या हे त्या दलाचं चिन्ह. म्हणजे ती पोरगी नव्हे, चालती-बोलती निशाणी आहे. एवढ्या काळोखात ती आतून पेटल्यासारखी दिसते. आता तिला ब्राँझमध्ये ओता. तिचा रेशमी झगा आणि शेजाऱ्याचा कातडी बूट एकाच रंगाचे होणार. उरेल ती गर्दीत चुकलेली मुलगी.

आणि सावली. मूळ चित्रापुढे मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती सावलीसाठी. कप्तानानं हात पुढे केलाय, त्याची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडलीय. कोटाच्या काठावर भरतकाम आहे, त्यात अ‍ॅमस्टरडॅम शहराची निशाणी विणलेली. सावलीचा अंगठा आणि बोट नेमकं त्या निशाणीला चिमटीत धरतात. कप्तानाच्या हाताची सावली शहर सांभाळते आहे! सगळं चित्र त्या हातभर सावलीवर टेकलंय असं मला वाटलं. पुन्हा चौकात गेले तेव्हा तेच शोधलं. कप्तानाचा हात होता, लेफ्टनंटचं पोट होतं, मधे सावली नव्हती. ढगाळ दिवस. संध्याकाळी समोरच्या कॅफेचा दिवा लागला तेव्हा हाताची सावली पडली खरी, पण लेफ्टनंटच्या अंगावर नाही. खाली, फरशीवर, एका फुटलेल्या प्लास्टिकच्या पेल्यावर.

त्यात शिल्पकारांची चूक नाही. सावली ओतता येत नाही. ऊन कुठून यावं हे चित्रकार एकदाच ठरवतो आणि मग ते हलत नाही. पुतळ्यावर रोज नवं ऊन पडतं. तो घडवणाऱ्याचा नसतो, हवामानाचा असतो.

मग काय ओतता येतं? त्या कामाची पद्धत मला पाठ आहे, कारण ती आमच्या कारखान्याची थोरली बहीण आहे. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा आणि त्यावर माती. छोटा नमुना पसंत पडला की तो मापानं मोठा करायचा. हे मोठं करणं फसवं असतं. वीतभर मूर्तीतली गोड चुणी सहा फुटांवर गेली की गोणपाटाची घडी दिसते, त्यामुळे मापं घेऊनही पुन्हा हातानं सगळं नव्यानं बघावं लागतं. मग मातीवरून साचा. साच्याच्या आत मेणाचा थर, साधारण पाच मिलिमीटरचा, कारण पुतळा भरीव ओतत नाहीत. भरीव ओतला तर जाड भाग उशिरा निवतो, ओढला जातो, तडकतो. शिवाय वजन. म्हणून आत गाभा भरायचा, बाहेर मेण. मेणावर धातू आत जायच्या आणि हवा बाहेर पडायच्या नळ्या जोडायच्या, त्याही मेणाच्याच. मग त्यावर उष्णता सोसेल असं कवच. ते भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि मेणाच्या जागी पोकळी राहते. त्या पोकळीत अकराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेलं ब्राँझ.

मेण जाऊन धातू येणारी ही रीत आपल्याकडे चांगलीच जुनी. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त ती सांगितलेली आहे, मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा या हिशोबासकट. तिचं नाव मधूच्छिष्ट विधान. मधूच्छिष्ट म्हणजे मधमाशांनी मधातून उष्टं टाकलेलं ते मेण. एवढ्या धगधगत्या कामाला इतकं नाजूक नाव.

धातू निवताना आकसतो, दीड-दोन टक्के. सहा फुटांचा कप्तान केला तर तो भट्टीतून इंच-सव्वाइंच खुजा होऊन बाहेर येतो. म्हणून माती आधीच तेवढी मोठी धरायची. आख्खा माणूस सहसा एका ओतात काढत नाहीत. तुकडे करतात आणि मागाहून वितळजोड देतात. मग जोडाची रेघ मोडायची. हे वाचलं तेव्हा मला पेणची शेड आठवली. ब्राँझच्या कप्तानाच्या काखेतही कुणीतरी भाचरू बसून रेघ घासत असणार, फक्त ओल्या फडक्याऐवजी त्याच्या हातात ग्राइंडर. शेवटी अंगावर रसायनं मारून, आच देऊन तपकिरी-हिरवट रंग आणायचा. त्याला पॅटिना म्हणतात. तेवढाच काय तो रंग. रेम्ब्रांटच्या लाल पट्ट्याला, पिवळ्या कोटाला, सोनेरी पोरीला मिळून एक.

रंग सोडायचा नाही असं ठरवलेला एक माणूस होता, अमेरिकेतला सीवर्ड जॉन्सन. जॉन्सन अँड जॉन्सनच्या घराण्यातला. त्यानं न्यू जर्सीतल्या हॅमिल्टनला ‘ग्राउंड्स फॉर स्कल्प्चर’ नावाची शिल्पबाग उभी केली. माझी मावसबहीण एडिसनला असते, तिथून ती फार लांब नाही. दिवाळी अंक आणि चकल्या पोचवायला गेले होते, तिनं बागेत नेलं. तिथे माने, मोने, रनुआर या फ्रेंच चित्रकारांची चित्रं माणसाच्या आकारात, रंगवलेली. मानेच्या चित्रातली गवतावर बसलेली मंडळी झाडांमध्ये खरंच बसलेली, दोन सुटाबुटातले पुरुष आणि शेजारी अंगावर चिंधी नसलेली बाई. बहिणीची मुलं तिच्याकडे न बघता बघत होती. २००३ साली वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत जॉन्सनचं प्रदर्शन झालं तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं होतं. माझं मत विचाराल तर समीक्षकांची बाजू मला कळते. रंगवलेल्या ब्राँझला जत्रेतल्या मेणाच्या पुतळ्यांची कळा येते. ब्रशचा फटकारा कापडाच्या सुरकुतीत बदलला की चित्र संपतं आणि कपडे उरतात. पण मुलं त्या चित्रात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. म्युझियममध्ये तीच मुलं दहाव्या मिनिटाला कँटीन शोधतात. रनुआरच्या होडीवाल्या मेजवानीशेजारी तर जॉन्सननं आपलं आणि आपल्या मित्रांचं एक टेबलच मांडलंय. आगाऊपणा आहे, पण मला आवडला. निदान तो भक्तिभावाचं ढोंग करत नाही.

त्या मानेच्या चित्रातली मागची, पाण्यात वाकलेली बाई अंतराच्या मानानं फार मोठी काढलीय, अशी जुनी तक्रार आहे. कागदावर ती तक्रारच राहते. पण शिल्प करायला घेतलं की निवाडा द्यावा लागतो. बाईला राक्षसीण करा, नाहीतर उचलून पुढे आणा.

याच्या उलट बाजूला फ्रेडरिक रेमिंग्टन. काउबॉय आणि घोडे यांची चित्रं काढून मासिकांत नाव मिळवलेला हा गडी. त्याचा शेजारी ऑगस्टस थॉमस नाटककार होता. त्यानं एकदा रेमिंग्टनला चित्रातला माणूस एका बाजूचा उचलून सहज दुसऱ्या बाजूला बसवताना पाहिलं आणि सांगितलं की तू चित्रकार नाहीस, शिल्पकार आहेस, तुला तो माणूस सगळीकडून दिसतो. रेमिंग्टननं १८९५ साली पहिलं ब्राँझ केलं, उधळलेल्या घोड्यावरचा स्वार. मासिकासाठी पूर्वी काढलेली चित्रं त्यानं पुढे धातूत आणली. १९०२ सालचं त्याचं शिल्प आहे, चार काउबॉय हवेत पिस्तुलं उगारून घोडे फेकत निघालेत. चार घोड्यांचे सोळा खूर, त्यातले फक्त सहा जमिनीला टेकलेले. दगडात हे करून दाखवा! संगमरवरी घोड्याच्या पोटाखाली झाडाचं खोड द्यावं लागतं. ब्राँझ पोकळ असतं, चिवट असतं, म्हणून ते उडू शकतं. हेच शिल्प १९०४च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात अवाढव्य करून मांडलं होतं, पण प्लास्टरमध्ये. खऱ्या अर्थानं मोठं ब्राँझ त्याच्या हातून एकच झालं, फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कमधला ‘काउबॉय’, १९०८. पुढच्याच वर्षी तो गेला.

रेमिंग्टनला स्वतःचंच चित्र धातूत न्यायचं होतं. पाठ कशी आहे ते त्याला माहीत होतं, सांगितली नव्हती इतकंच. द्रोनोव आणि तारातिनोवना विचारायला कुणी नव्हतं. बेल्जियन चित्रकार रने मॅग्रिटला मात्र त्याच्या दलालानं, अलेक्झांडर आयोलासनं, १९६७ साली गळ घातली की तुझ्या काही चित्रांची ब्राँझ कर. त्यातलं एक फार चमत्कारिक आहे. दावीद या फ्रेंच चित्रकारानं १८०० साली कोचावर रेललेली मादाम रेकामिये रंगवली होती. मॅग्रिटनं त्याच कोचावर तशीच कमरेत वाकून बसलेली शवपेटी रंगवली आणि मग ती पेटी ब्राँझमध्ये आली. चित्रावरून चित्र, चित्रावरून शिल्प. पेटीला ना चेहरा, ना पाठ, त्यामुळे आमची अडचणच मिटली. मॅग्रिटनं मेणाचे नमुने पाहिले आणि ओतलेलं ब्राँझ बघायच्या आत, त्याच वर्षीच्या ऑगस्टात, तो वारला.

राइक्सम्युझियमच्याच संग्रहात एक छोटं चित्र आहे, सतराव्या शतकाच्या अखेरचं, गोवळकोंडा शैलीतलं. शिवाजी महाराजांचं. डच मंडळींनी हिंदुस्थानातून नेलेल्या चित्रांच्या एका संचातलं. मी ते हॉटेलच्या खोलीत लॅपटॉपवर पाहिलं आणि उगीच घसा दाटला. परदेशात एवढ्या-तेवढ्यानं असं होतं. नंतर डोकं पुन्हा पाठीकडे वळलं. महाराजांची जी समकालीन चित्रं मिळाली ती अशी, कागदावरची, हातात मावणारी. आणि आपल्या गावोगावच्या चौकांतले ब्राँझचे पुतळे केवढे! पुण्याच्या शिवाजीनगरचा करमरकरांचा १९२८चा अश्वारूढ पुतळा मी किती वेळा मागून पाहिलाय. अंगरखा मागून कसा पडतो, शेला कुठे खोचलाय, खांदे किती ताठ, हे कागदावर कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते कुठल्यातरी शिल्पकारानं एका दुपारी मातीत बोटं घालून ठरवलं. करमरकर सासवण्याचे, अलिबागजवळचे, म्हणजे पेणकरांच्या शेजारचेच. पाठीचं महत्त्व त्यांना कुणी शिकवायला नको.

आणि रेम्ब्रांटलाही परक्या देशाची कागदी माणसं नवी नव्हती. १६५०च्या दशकात, दिवाळं निघालेल्या त्या काळाच्या आगेमागे, त्यानं मुघल लघुचित्रं समोर ठेवून वीसेक रेखाटनं केली होती. शाहजहान आहे त्यांत. लघुचित्रातले सपाट, कडेनं उभे बादशहा त्याच्या पेनातून उतरताना जरा वजनदार होतात, पायाखाली थोडी सावली घेतात. त्या सावलीपाशी मी पुन्हा अडकले. मूळ चित्रात सावली नाही. ती यानं स्वतःहून दिली. मग रशियन शिल्पकारांनी याच्या कप्तानाला पाठ दिली, तर फिटंफाट झाली म्हणायची.

‘नाइट वॉच’वर हात काही पहिल्यांदा पडलेला नाही. १७१५ साली ते नगरभवनात नेलं, तिथे दोन दारांच्या मधे मावेना, तर चारही बाजूंनी कापलं. डाव्या बाजूची जवळजवळ ६० सेंटिमीटरची पट्टी गेली, तिच्याबरोबर दोन मोठी माणसं गेली. पट्ट्या पुन्हा कधी सापडल्या नाहीत. एका जुन्या, छोट्या नकलेमुळे त्यांत काय होतं ते कळतं, आणि २०२१ साली संगणकाला त्या नकलेवरून शिकवून ती हरवलेली बाजू छापून चित्राला जोडूनही पाहिली. मी गेले तेव्हा ते व्हायचं होतं. कप्तान मला दिसला तो चित्राच्या बरोबर मधे. कापण्याआधी तो जरा उजवीकडे होता, त्यामुळे चालायला त्याच्यापुढे जागा होती.

शेवटच्या रविवारी पुन्हा चौकात गेले. कप्तानाच्या मागे उभी राहून त्याच्या पाठीचा फोटो काढला आणि मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पेणला दुपारचे जेवणाचे वाजले असतील. मामाचा फोन आला.

“अगं, हा कोण?”

“कप्तान आहे. चित्रातला. हॉलंडमधला.”

“मग समोरचा फोटो?”

“समोरचा पुस्तकात असतो, मामा. तू पाठ बघ ना.”

तो थोडा वेळ गप्प होता. फोटो मोठा करून बघत असणार, चष्मा कपाळावर चढवून. “बरी आहे,” तो म्हणाला. “पण चालणाऱ्या माणसाची नाही गं ही. उभ्या माणसाची आहे. एक पाय पुढे टाकलाय ना त्यानं? मग हा एक खांदा ढळायला हवा. समोरून भागून जातं ते.”

मी फोन कानाला धरूनच कप्तानाच्या खांद्यांकडे पाहिलं. मग स्वतः दोन पावलं टाकून पाहिली. एक बाई आपल्याच खांद्याकडे वळून बघत फरशीवर चालतेय, म्हणून सायकलवाला घंटी वाजवून गेला.

“आणि फोटो काढलास कुठून तू? मागे जागा आहे का?”

मी वळले. मागे चौथरा होता, एवढा जवळ की पाठ टेकली असती. वर लोखंडी रेम्ब्रांट. लुई रॉयरनं केलेला, १८५२चा, या चौकात लोण्याचा बाजार भरायचा तेव्हापासूनचा. जो चित्रात एका डोळ्यापुरता आला होता तो इथे टाचेपासून टोपीपर्यंत उभा होता आणि त्याच्या पुढ्यात त्याचीच सगळी पलटण, त्याच्याकडे पाठ करून.

“आहे जागा,” मी म्हटलं. “थांब, अजून एक पाठवते.”

आणि चौथऱ्याला वळसा घालून त्याच्या मागे गेले.